माझे इंजिन येणार होते

मी एक जुनी मोटार आहे, पण हल्ली तसे म्हणायची चोरी झाली आहे. मालकांना 'ऐतिहासिक' हा शब्द आवडतो.

मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. मालकांच्या थोरल्या बहिणीने मला घेतले. ताई नर्स होत्या. त्या माझ्यावरच गाडी शिकल्या. गिअर खरडला की "चुकलं गं बाई" म्हणून माझी समजूत घालत. पुढे आम्ही दोघींनी खडी, चिखल, चढण काही सोडले नाही. एक बाळ तर दवाखान्याची वाट न बघता माझ्या मागच्या सीटवरच जन्मले. त्याच्या आईने उतरताना माझ्या दारावरून हात फिरवला. तसे कौतुक पुन्हा मिळाले नाही.

ताईंचे गुडघे धरले, तशी मी त्यांच्या भावाकडे, म्हणजे आताच्या मालकांकडे आले आणि शेडमध्ये पडले. उंदरांनी गादी कुरतडली. मालक माझ्यावर रद्दी रचून ठेवत. मग जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाची बातमी आली आणि त्यांना माझा एकदम पुळका आला. मिस्त्रीने इंजिन उतरवून नेले. ताईंनी विचारले, तर मालक म्हणाले, दुरुस्त होऊन येईल आणि पहिली फेरी तुझीच. मी वाट पाहू लागले. पत्रे ठोकले, रंग चढला, कोरे चामडे आले. इंजिन काही येईना. मिस्त्रीने आठवण केली तेव्हा मालक म्हणाले, "राहू दे रे. बॉनेट कोण उघडून बघतंय?" माझा कानांवर विश्वास बसेना. मोटारीला कान नसतात, हे माहीत आहे मला.

प्रदर्शनात मला टेम्पोतून नेले आणि ढकलत जागेवर लावले. मालकांनी स्वतःच्या केसांनाही कलप लावला होता. लोक म्हणत, वय दिसतच नाही हिचे. इतके म्हातारे मला शेडमध्येही वाटले नव्हते.

दुपारी ताई काठी टेकत आल्या. पायात गाडी चालवायचे जुने चपटे बूट होते. मालक लगबगीने आडवे गेले; आज गर्दी आहे, उद्या बघू म्हणाले. ताईंनी ऐकले नाही. त्या आत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण त्याला आधी जीव असावा लागतो. ताई उतरल्या, त्यांनी बॉनेट उचलले आणि आत वाकून पाहिले.

"अरे, हिच्या पोटात काहीच नाही रे."

"ताई, लोक बघताहेत, झाक ते. बाहेरून किती छान दिसतेय बघ."

"तुला तेवढंच हवं होतं, तर मला फेरीचं कशाला सांगितलंस?"

तेवढ्यात पहिल्या बक्षिसासाठी आमचे नाव पुकारले, आणि मालक करंडक घ्यायला निघून गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र असेल, म्हातारे माणूस असेल. त्याला नटवून बसवले म्हणजे काळजी घेतली, असे समजू नका. त्याला थोडे काम सांगा. तेही जमत नसेल, तर निदान खोटी आशा लावू नका. शेडमध्ये मी कोणाचीच वाट पाहत नव्हते. आता फाटक वाजले की वाटते, इंजिन आले.