न दिलेली हाळी

नात जन्मली त्या वर्षी म्हाताऱ्या वायरमननं बाकीची कामं बाजूला सारली आणि लेकीच्या घराचं वायरिंग अंगावर घेतलं. जावयानं जुन्या घरावर एक मजला चढवला होता. भिंती फोडून, आत पाइप गाडून, वरून गिलावा फिरवून गवंडी निघून गेले होते. आता फक्त तारा ओढायच्या राहिल्या होत्या. जिन्याला कठडा बसायचा होता आणि जिन्याच्या तळाशी फुटक्या विटांचा ढीग तसाच पडला होता.

तार ओढायला दोन माणसं लागतात. एक पाइपाच्या खालच्या तोंडाशी बसून साबणाचं पाणी लावत तार आत सारतो, दुसरा वरच्या तोंडाशी उभा राहून ओढतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, सगळा कारभार आवाजावर. खालच्यानं तार रोखली असेल, तर ढिली करण्याआधी त्यानं ‘सोडतोऽऽ’ अशी हाळी द्यायची. कारण वरचा सगळं अंग मागे टाकून ओढत असतो. न सांगता सोडली, की तो उताणा पडलाच. म्हाताऱ्यानं उभ्या हयातीत ही हाळी चुकवली नव्हती. झोपेतसुद्धा देतो, असं त्याची बायको जिवंत होती तोवर हसून सांगायची.

सकाळी कामाला हात घालतानाच त्यानं जावयाला सांगितलं होतं, “जावईबापू, पाठ जिन्याकडे करून ओढू नका. कठडा नाही.”

“मामा, मी भरलेला ट्रक उलटा बोळात घालतो,” जावई म्हणाला होता. “मला पाठ कुठं करायची ते शिकवू नका.”

म्हातारा जाऊन पाइपाच्या खालच्या तोंडाशी बसला. जावई म्हणजे दशमग्रह, त्याच्या तोंडी कोण लागणार!

अर्धं काम उरकलं तेव्हा लेक पाणी घेऊन आली. तिला तो चिमी म्हणायचा. तांब्या पुढे करताना तिची बाही सरकली. दंडावर दोन लाल रेघा होत्या, एकीच्या शेजारी एक, मधे सूतभर फट.

“हे काय गं?”

“दार लागलं.”

“दाराला दोन कडा कधीपासून फुटल्या?”

चिमीनं बाही खाली ओढली. म्हाताऱ्यानं उभा जन्म तारा हाताळण्यात घालवला होता. अंगावरच्या वळावरून त्यानं तार ओळखली. चपटी, दुहेरी. मागच्या खेपेला पंख्याच्या कामातून उरलेला तुकडा त्यानंच या घरात ठेवला होता, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. पडला होता उपयोगी.

त्यानं तांब्या बाजूला सारला. “चल. पोरीला उचल. आत्ताच्या आत्ता निघायचं.”

“ती वर आहे, बाबा. त्यांनी तिची खाट वर नेलीय. म्हणतात, तू उंबरा ओलांडलास, तर पोरगी जिन्यावरून खाली.” चिमी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

म्हातारा जिना चढून गेला. खोलीत नात मुठी चोखत पडली होती आणि जावई दार अडवून उभा होता.

“जावईबापू, बाजूला व्हा. मी माझी लेक आणि नात घेऊन चाललो.”

“असं? मग उरलेली तार कोण ओढणार, तुमचा मेलेला बाप?”

म्हातारा त्याला ढकलून आत घुसायला गेला. जावयानं कोपऱ्यातला लोखंडी पाइपाचा तुकडा उचलला आणि सरळ त्याच्या उजव्या मनगटावर घातला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा फटका तोंडावर बसला. दोन दात गिलाव्याच्या धुळीत पडले. चिमी ओरडत वर धावली. जावयानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. मग म्हाताऱ्याकडे बघून हसत पुन्हा एकदा. कोऱ्या गिलाव्यावर लाल ठसा उमटला.

“नवीन भिंत खराब केलीस बघ, भवाने,” तो म्हणाला. “चला, खाली व्हा दोघंही. बापाचा हात गेला, तर लेकीनं सारायची. आणि आता तार अडकली ना, तर पोरगी खाटेसकट खाली येईल. आहे कबूल?”

बापलेक खाली आले. म्हाताऱ्याच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. चिमी पाइपाच्या तोंडाशी बसली. लहानपणी ती बापाच्या हाताखाली तार सारायची. हात अजून विसरले नव्हते. साबणपाणी, तार, साबणपाणी, तार. वरून जावई ओढत होता, शिव्या देत होता. मधेच नात रडायला लागली.

“ए, हिला गप्प कर नाहीतर मी करतो!”

“येऊ का वर?” चिमीनं विचारलं.

“तू तार सार!”

नातीचं रडणं वाढलं. पाठोपाठ चापटीचा आवाज आला. एवढ्याशा अंगावरची चापट. क्षणभर रडणंच थांबलं, आणि मग ते असं फुटलं की म्हाताऱ्याचा मोडलेला हात दुखायचा थांबला.

चिमीनं उरलेली तार खिडकीच्या गजाला वेढा देऊन आवळून धरली. तार ताठ झाली.

“अडकली का?” वरून गर्जना झाली. “थांब, आता बघतोच!” त्यानं पाय रोवले, ते खाली ऐकू आलं. टाचा घासत मागे सरकल्या. तो कुठं उभा आहे, हे म्हाताऱ्याला न बघता कळलं. अंग मागे, पाठ जिन्याकडे. तार गजावर कुरकुरली. चिमीच्या तळहातातून रक्त यायला लागलं, तरी तिनं वेढा ढिला केला नाही. तिनं बापाकडे बघितलं.

म्हाताऱ्याच्या ओठांवर हाळी आली. सवयीनं आली, आपोआप. छाती भरली, तोंड उघडलं. त्यानं ती रक्तासकट गिळली आणि होकारार्थी मान डोलावली.

चिमीनं वेढा सोडला.

तार सरसरत पाइपात गेली. वर एक शिवी अर्धवट राहिली. मग विटांच्या ढिगावर भरलं पोतं टाकावं तसा धप्प आवाज आला. जावई डोक्यावर पडला होता. तारेचं टोक अजून त्याच्या मुठीत होतं. पाय थोडा वेळ तडफडले आणि थांबले.

चिमी त्याच्या अंगावरून उडी मारून जिना चढली.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं विचारलं, “तार खाली कोणी धरली होती?”

“मी,” म्हातारा म्हणाला. “एकट्यानं.”

“मोडक्या हातानं?”

“डावा शाबूत आहे.”

“आणि हे दात?”

“म्हातारपणी पडतातच, साहेब.”

हवालदारानं चिमीच्या कपाळाकडे बघितलं, वरच्या भिंतीवरच्या ठशाकडे बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

लोक पुढं एवढंच सांगत: नातीला पहिला दात फुटला त्या आठवड्यात, भर दुपारी, चिमीचा नवरा जिन्यावरून पडून मेला.