दादाच्या पाठोपाठ

पडदे शिवणारी ती सगळ्या गिऱ्हाइकांची ‘बाई’ होती. फक्त थोरला भाऊ, दादा, पन्नाशीनंतरही तिला चिमणीच म्हणायचा.

दादाच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर उशिरा कळला. ऑपरेशन झालं, जालीम औषधं झाली; माणूस निम्मा झाला, पण तगला. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं.

“मला काय धाड भरलीये?” सुई ओवत चिमणी म्हणाली.

“मलाही काही होत नव्हतं गं. व्हायला लागलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

ती वाद घालणार होती. पण त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळलेला दिसला, आणि तिने सुई खाली ठेवली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट औषध घ्यायचं होतं. “दोन खोल्यांचं घर माझं, पण आज मुक्काम संडासात,” तिने फोनवर सांगितलं. दादाला हसता हसता ठसका लागला. संध्याकाळी अंग पिसासारखं झालं होतं. खिडकीतलं ऊन हातावर पडलं, तर ते आरपार जातंय असं तिला वाटलं.

दवाखान्यात आतड्यात दुर्बीण घालण्याआधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. नर्सचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लांबत गेला. मग एक लांबच लांब बोळ, मऊ गुलाबी भिंती, आणि पुढे कुणीतरी दिवा घेऊन चाललेलं. तिला भीती वाटली नाही. ती तरंगत दिव्यामागोमाग गेली. एका वळणावर दिवा थांबला, बराच वेळ.

जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. “आतड्यात मांसाचा एक कोंब होता. काढून तपासायला पाठवलाय.”

कोंबाच्या बुडाशी कॅन्सरची नुकती सुरुवात निघाली. आतड्याचा तेवढा भाग काढावा, असं ठरलं. ऐकताना तिचे पाय गार पडले. दादा तिच्या पायांवर चादर ओढत राहिला.

ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासला. आजार पुढे सरकला नव्हता. “दादासारख्या जालीम औषधांची गरज नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ठरल्या वेळी तपासणी मात्र चुकवायची नाही.”

त्या संध्याकाळी नर्सने चिमणीला वऱ्हांड्यात चालवलं. दादा शेजारून चालला.

“माझं दुखणं तुझ्या कामी आलं बघ,” तो म्हणाला.

“फुशारकी नको. दम लागलाय मला, बस.”

दोघं बाकावर टेकले. नर्स गोळी घेऊन आली, तेव्हा चिमणी डोळे मिटून हसत होती आणि दादा चक्क घोरत होता.