हुकमाचा बैल

बांगलादेशात युद्धगुन्हेगारांवर खटले चालवायचा कायदा झाला, त्या वर्षी कोल्हारला शरच्चंद्र मास्तरांनी त्यावरच नाटक बसवलं. न्यायाधीश ते स्वतः झाले. पकडलेला कप्तान झाला रंगनाथ, कारण त्याच्या मिशा आयत्याच होत्या.

सहादेव पुढच्याच सतरंजीवर बसला होता. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर आणून गावच्या कोंडवाड्यात कोंडायचं, हे त्याचं वीस वर्षांचं काम. रंगनाथचा बैल तर त्याने सकाळीच आत घातला होता. 'दावं तोडून गेला', हे रंगनाथचं दर खेपेचं उत्तर.

"गावं जाळली, कबूल," कप्तान रंगनाथ ऐटीत म्हणाला. "पण हुकूम वरून आला होता. मी आपला हुकमाचा ताबेदार."

सहादेवला राहवेना. तो उठून उभाच राहिला. "मास्तर, माज्याकडं कोंडलेला बैलबी हेच म्हनत असंल. त्याला बोलता येत न्हाई म्हनून तो आत, आन् ह्याला येतंय म्हनून सोडायचा व्हय?"

सगळा मांडव खदखदून हसला. मास्तरांनी लिहून आणलेला निकाल घडी करून खिशात घातला. "आणि हुकूम देणारा?"

"त्योबी आत. दुसऱ्याच्या उसात बैल काय आपल्या मनानं जातो? मागून कुनीतरी हाकलतंच की."

रंगनाथचा चेहरा उतरला. नाटक विसरून तो हळूच म्हणाला, "सहादेवा, माजा बैल तेवढा सोड की."

"सोडतो," सहादेव म्हणाला, "तू आत आलास की लगेच."