थंडीतली टाकी

संक्रांत होऊन गेली होती. इंदिरानगरातल्या एका मोठ्या सोसायटीत हळदीकुंकवाची तयारी चालली होती. हिरवळीवर खुर्च्या मांडून झाल्या, आणि नेमका कोपऱ्यातल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतून उग्र वास सुटला. बायकांनी नाकाला पदर लावले तसे सेक्रेटरी सोमनाथराव तापले.

"टाकी उपसून तळापासून घासून काढा. आजच्या आज!"

टाकीची देखभाल करणाऱ्या तरुण इंजिनिअर योगेशने समजावून पाहिले. "साहेब, थंडीत टाकीतले जिवाणू मंदावतात. सांडपाण्यातली घाण तेच खातात, आणि ते या गाळातच असतात. गाळ राखू, हवा जरा जास्त वेळ सोडू. ऊन वाढलं की वास जाईल. धुतलं तर आहेत तेही जातील."

"म्हणजे घाण जपून ठेवायची? आम्ही दरवर्षी धुतो!"

दरवर्षी धुता म्हणूनच दरवर्षी वास येतो, हे योगेशच्या ओठांवर आले होते. नोकरीच्या भीतीने त्याने ते गिळले.

मग नेहमीप्रमाणे टाकी धुणाऱ्या भारतला निरोप गेला. यंत्राची गाडी बोलवा, असे कुणी म्हटले नाही. माणूस आत उतरवणे गुन्हा आहे, हेही कुणाला आठवले नाही. भारतचे वडीलही हेच काम करायचे, आणि त्यांची वस्ती सगळ्यांना ठाऊक होती. सोसायटीतले लोक जात विचारण्याइतके मागासलेले नव्हतेच. त्यांना विचारायची गरज पडली नाही.

पाणी उपसल्यावर भारत शिडीने उतरला. ढवळलेल्या गाळातून विषारी वायू उसळला. वरून हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. अग्निशमन दलाने त्याला बाहेर काढले तेव्हा सगळे संपले होते. हिरवळीवर तिळगुळाची ताटे झाकलेलीच होती.

काही दिवसांनी सोमनाथराव योगेशला घेऊन भारतच्या घरी गेले. उंबऱ्यावर त्याची बायको चांगुणा बसली होती.

"बाई, झालं ते फार वाईट झालं. तुमच्या सुयशला त्याच्या बापाच्या जागी घेतो. शेवटी घरचंच काम आहे तुमचं."

चांगुणाने डोळे पुसले. "आमच्या घरचं कसं साहेब? घाण तर तुमच्या घरची हाय. माझा मानूस गेला, आता पोरगं मागाया आले? नाय उतरायचा तो. उपाशी राहू, पन नाय."

सोमनाथराव पाय आपटत निघून गेले. योगेश तिथेच उभा राहिला. "ताई, गाळ काढू नका असं मी सांगितलं होतं."

"आन् मानूस उतरवू नका, हे सांगितलं का दादा?"

योगेशला तिच्या डोळ्यांत बघवेना. तो तिथून थेट पोलीस ठाण्यात गेला. हुकूम कुणी दिला, ते त्याने सांगितले. गप्प कोण बसले, हे कुणी विचारले नव्हते. तेही त्याने लिहून घ्यायला लावले.