पन्नासावी सीट

प्रिती सावंत ज्या विमान कंपनीच्या काउंटरवर बसायची, त्या कंपनीकडे एके काळी पन्नास सीटांची नऊ छोटी जेट विमानं होती. गेल्या वर्षी त्यांची सहा झाली, दिवाळीनंतर चार. एवढ्याशा विमानाचं इंधन आणि दुरुस्ती परवडत नाही, असं कंपनीचं म्हणणं. भाड्याने घेतलेली विमानं एकेक करून मालकाकडे परत चालली होती.

लालबागच्या चाळीत बसून तिच्या वडिलांनी, रमाकांतनी, हे आधीच ओळखलं होतं. ते पूर्वी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते.

"तुमच्या कँटीनचा चहा कसा येतो हल्ली?" त्यांनी एकदा विचारलं.

"पातळ. का?"

"आणि बिस्किट?"

"बंद केलं."

"मग दुसरीकडे अर्ज टाक. आमच्या गिरणीतपण आधी बिस्किट गेलं, मग तिसरी पाळी, मग आम्ही."

प्रिती हसली, पण त्याच आठवड्यात तिने अर्ज टाकला.

मार्चमध्ये नोटीस लागली. एक एप्रिलपासून सिंधुदुर्गची फेरी बंद. प्रितीच्या आईवडिलांना, पद्मजाबाई आणि रमाकांतना, स्टाफ तिकिटं मिळायची. विमानात जागा उरली तरच बसायला मिळणार, पण फुकट. तीन वर्षं ती तशीच पडून होती, कारण रमाकांतना एका वर्षी गुडघा नडला, दुसऱ्या वर्षी कान.

"विमान संपायला आलं," पद्मजाबाई म्हणाल्या, "आणि ह्यांचा कान दुखायचा काही संपत नाही. ह्या शुक्रवारी आपण गावी जातोय. विमानाने."

स्टाफ तिकिटावर चप्पल चालत नाही, बूट लागतात. रमाकांतकडे बूट नव्हते. शेजारच्या कुशाबांनी लेकाच्या लग्नातले आपले काळे बूट दिले. ते एक नंबर लहान होते. निघताना चाळीने दोघांना हार घातले, फोटो काढले, आणि रमाकांत टॅक्सीत असे बसले की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना ऑपरेशनला नेताहेत.

विमानतळावर काउंटरला प्रितीच होती.

"नमस्कार सर. नमस्कार मॅडम."

"सर काय गो? बापूस मी तुजो!"

"बाबा, वर कॅमेरा आहे," प्रिती ओठ न हलवता म्हणाली. "तिकडे बाजूला थांबा. काउंटर बंद होताना सांगते."

दोघं खांबाला टेकून उभे राहिले. शेवटची फेरी म्हणून गर्दी होती. एकेक माणूस आला की पद्मजाबाईंचा चेहरा पडायचा आणि रमाकांतचा खुलायचा. अखेर प्रितीने त्यांना खुणेने बोलावलं.

"एकोणपन्नास भरल्या. एकच सीट उरलीय."

रमाकांतनी मोठा श्वास घेतला. चेहरा जमेल तितका दुःखी केला.

"पद्मजा, तू जा. माझं काय, मी नंतर कधीतरी."

आता ती नको म्हणेल, मग आपण आग्रह करू, असं दोनतीनदा होईल, असा त्यांचा हिशेब होता.

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी काउंटरवरचा बोर्डिंग पास उचलला. "भात फ्रिजमध्ये आहे. आमटी गरम करून घ्या."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. ती एकटी दादरच्या पुढे कधी गेली नव्हती. रमाकांत बघत राहिले. ती वळून बघेल म्हणून थांबले. ती वळली नाही.

गळ्यात हार घालून गेलेल्या माणसाने तीन तासांत चाळीत परत कसं शिरायचं? रमाकांत नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसले. बूट काढून खुर्चीखाली सरकवले. नेमके कुशाबा दाढीला आले.

"काय रे, विमान गेलं नाय?"

"गेलं."

"मग तू इथे कसा?"

"जाऊन आलो," रमाकांत बोलून गेले.

"तीन तासांत?"

"जेट आहे ते, कुशाबा."

वस्तरा थांबला. सगळं सलून ऐकू लागलं, तेव्हा रमाकांतना माघार घेता येईना. ढग वरून कापसाच्या गाठींसारखे दिसतात, पायलट मराठी होता, बाईने दोनदा बिस्किटं दिली, असं ते सांगत सुटले. तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. घाईत तो कापायचा सोडून त्यांनी उचलला.

"अहो, पोचले मी!" पद्मजाबाई वाऱ्यात ओरडत होत्या. मागे शेपटीवर दोन इंजिनं असलेलं चिमुकलं विमान दिसत होतं. "तुम्ही घरी गेलात ना नीट? आमटी गरम केलीत?"

कुशाबांनी खाली वाकून खुर्चीखालचे आपले बूट घेतले आणि पिशवीत टाकले. रमाकांत अनवाणी घरी गेले.

पुढचे आठ दिवस चाळीतलं लहानथोर त्यांना एकच विचारायचं, "जाऊन आलात?" पद्मजाबाईंना परतायची घाई दिसेना. विमान तर बंद झालंय, बघू, म्हणायच्या. प्रितीला दुसऱ्या कंपनीचं पत्र आलं. पहिली नोकरी सुटायच्या आत तिला दुसरी लागली, हे मात्र रमाकांतनी चाळभर सांगितलं. मग त्यांनी रेल्वेचं तिकीट काढलं.

कुडाळ स्टेशनवर पद्मजाबाई रिक्षा घेऊन आल्या होत्या. बॅग उचलता उचलता रमाकांत म्हणाले, "त्या दिवशी मी तुला जा म्हटलं ना... मला भीती वाटत होती."

"माका ठाऊक होतां. म्हणून तर लगेच पास घेतला. आणखी एकदा विचारलं असतंत तर मी कसली जातेय! मलापण भीती वाटतच होती."

"मग?"

"मग काय, शेजारच्या बाईचा हात धरला. उतरेपर्यंत सोडला नाही. बिचारी, पाणी प्यायचं म्हणत होती."