किंवा तत्सम अनुभव

कोल्ड क्रीक कॉलेजला डोंगरापलीकडचे लोक ‘तेरावी’ म्हणत. बारावीनंतर ज्यांना खरं विद्यापीठ परवडत नाही किंवा झेपत नाही, ती मुलं तिथं आणखी दोन वर्षं काढतात, म्हणून तेरावी. मराठी कानाला त्यात तेराव्याचं जेवण ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर म्हणणाऱ्यांचा सूरही काही वेगळा नसायचा. मार्सेलिना इबारा हा शब्द चोवीस वर्षं ऐकत आली होती आणि चोवीस वर्षं तिच्या नाकाला मिरची झोंबत होती.

मार्सेलिना तिथं सफरचंदांची शीतगृहं कशी चालवायची ते शिकवायची. सप्टेंबरात तोडलेलं फळ जूनपर्यंत कुरकुरीत ठेवायचं तर खोली हवाबंद करून, नायट्रोजन सोडून आतला प्राणवायू काढून घेतात. दोनेक टक्के उरतो. फळ झोपी जातं. माणूस आत शिरला तर तोही झोपतो, फक्त उठत नाही. एकोणिसाव्या वर्षी ती पॅकिंग शेडमध्ये कामाला होती तेव्हा एकानं नमुन्याचं फळ घ्यायला दाराच्या झडपेतून नुसतं डोकं आत घातलं. दोन श्वास घेतले असतील नसतील. त्याला बाहेर ओढणाऱ्यांत ती होती. म्हणून तिच्या वर्गात पहिला महिना सफरचंदाचं नावही निघत नसे, फक्त दार. दार कसं लावायचं, कसं उघडायचं, प्राणवायूचं मीटर कुठं धरायचं. खोऱ्यातल्या अर्ध्या शीतगृहांत तिचे विद्यार्थी होते आणि सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत.

त्यांतलाच एक फाउस्तिनो. एकोणीस वर्षं खोल्या सांभाळत होता. यंत्राचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते फोनवर सांगायचा. पण मॅनेजर व्हायला आता चार वर्षांची पदवी लागे, म्हणून विद्यापीठातून कोवळी पोरं यायची, त्याच्याकडून काम शिकायची आणि त्याच्याच डोक्यावर बसायची. “मास्तरीणबाई, मी आत्तापर्यंत तीन बॉस तयार केलेत,” तो म्हणायचा. “चौथा वाटेत आहे.”

मग राज्यानं असल्या कॉलेजांना चार वर्षांची पदवी द्यायला मुभा दिली. कोल्ड क्रीकनं शीतगृहाची पदवी काढायचं ठरवलं. तिचे निकष ठरवायला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं मार्सेलिनाला, कारण तिच्या नावाशिवाय खोऱ्यात कुणी त्या पदवीला भीक घातली नसती. तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. पहिल्या तुकडीत फाउस्तिनोसारखे बसावेत, आणि त्यांना आपण शिकवावं. तेवढं झालं की निवृत्त व्हायला ती मोकळी होती.

समितीत तिघं होती. ती, कॉलेजचा डीन आणि तिचा जुना मित्र लेलँड प्रूइट, आणि डोंगरापलीकडच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक डॉ. ऑड्रा किन्सेला. किन्सेलाबाई वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. धड राग धरावा तर तेही जमू नये, इतक्या गोड.

फेब्रुवारीतल्या बैठकीत त्या मसुद्यातल्या एका ओळीवर थांबल्या. प्रवेशासाठी कॉलेजचं बीजगणित उत्तीर्ण, किंवा तत्सम अनुभव.

“हे ‘किंवा’ फार रुंद दार आहे हो,” त्या म्हणाल्या. “अनुभव मोजायचा कसा? उद्या फोर्कलिफ्ट चालवणाराही म्हणेल, मी वीस वर्षं सफरचंदं पाहिलीत.”

मार्सेलिनानं आठ वर्षं फोर्कलिफ्ट चालवली होती.

“माझं मत नाही हं हे,” किन्सेलाबाई घाईनं म्हणाल्या, “पण आमच्याकडे चेष्टा चालूच आहे. म्हणतात, तेरावीला आता पंधरावी-सोळावीची शेपटी लावतायत.”

हातच्या काकणाला आरसा कशाला? चला माझ्यासोबत, फाउस्तिनोला प्रश्न विचारा आणि मग बोला, असं म्हणायला हवं होतं. ते तिला सुचलं नाही असंही नाही. पण चोवीस वर्षांची मिरची तिच्या डोक्यात गेली होती. हसणारी तोंडं एकदाची बंद झाली पाहिजेत, एवढंच तिला दिसत होतं. तिनं पेन घेतलं आणि ‘किंवा तत्सम अनुभव’ हे शब्द खोडले.

“कुणाला सूट नको,” ती म्हणाली. “जे तुमच्याकडे, तेच आमच्याकडे.”

“वा!” किन्सेलाबाई म्हणाल्या. “मग सातव्या पानावरही आहे तेच.”

सातव्या पानावर शिक्षकांची पात्रता होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला शिकवणाऱ्याकडे मास्टर्स पदवी, किंवा तत्सम अनुभव. प्रूइट खोकला. मार्सेलिनाकडे याच कॉलेजची दोन वर्षांची पदवी होती, दुसरं काही नव्हतं. मास्तरीण होती, मास्टर्स नव्हती. ती ओळ ठेवली असती तर कुणासाठी ठेवली ते खोलीतल्या तिघांनाही कळलं असतं. विद्यार्थ्यांची सूट काढायची आणि स्वतःची तेवढी राखायची, हे काही तिच्यानं होईना. शिवाय मनातल्या मनात तिनं हिशेबही केला होता: लेलँड आहे, आपली चोवीस वर्षं आहेत, कॉलेज काहीतरी वाट काढेलच. तिनं तेही खोडलं.

किन्सेलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच मान होता. पुढचे आठ दिवस मार्सेलिना त्या नजरेवर जगली.

मे महिन्यात पदवी मंजूर झाली. वर्तमानपत्रात फोटो आला, मधोमध ती. जूनमध्ये प्रूइटनं तिला बोलावलं.

“बस ना, मार्सी.”

“उभीच बरी आहे. बोल.”

“शीतगृहाचा विषय आता तिसऱ्या वर्षात गेलाय. त्याला मास्टर्स लागतं.”

“माहीत आहे. मीच लिहिलंय.”

“तेच तर घोडं पेंड खातंय! दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी तुझ्यासाठी भांडलो असतो. आता काय सांगू त्यांना? जिनं नियम केला तिलाच सूट द्या म्हणून?”

“त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं?”

“मी खोकलो होतो, मार्सी.”

चोवीस वर्षांच्या मैत्रीतून त्या माणसानं तिच्यासाठी काढलेला आवाज एवढाच, आणि तोही तिला कळला नव्हता.

नवा शिक्षक ठरला होता. एकोणतीस वर्षांचा, वनस्पतिशास्त्राची मास्टर्स पदवी असलेला. “पोरगा गुणी आहे,” प्रूइट म्हणाला. “फक्त फळांनी भरलेली चालू खोली त्यानं अजून पाहिलेली नाही. तू प्रयोगशाळेत त्याच्या मदतीला राहा. तुझ्या टिपणांच्या वह्याही दे त्याला. तुझा हातखंडा आहे त्यात.”

सोडून जावं असं तिला वाटलं. चार दिवस राजीनामा पिशवीत घालून ती हिंडली. पण चालू खोली न पाहिलेला माणूस वीस पोरांना दारापाशी उभं करणार, हे आठवलं की राजीनामा पिशवीतच राहायचा. तिनं वह्या दिल्या आणि मदतनिसाचं पद घेतलं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्टी होती, मंगळवारी वर्ग सुरू व्हायचा होता. त्या मंगळवारी सकाळी ती प्रयोगशाळेबाहेर दाराचं रबर तपासत होती. कामाच्या कपड्यांतच फाउस्तिनो आला, हातात एक पत्र.

“मास्तरीणबाई, बरं झालं भेटलात. मला घेतलं नाही.”

तिनं पत्र वाचलं. अर्जदारानं कॉलेजचं बीजगणित उत्तीर्ण केलेलं नाही. खाली नियम छापला होता, तिच्याच शब्दांत.

“बीजगणित!” तो म्हणाला. “तुम्हीच सांगा, आजवर कधी खोलीचं गणित चुकलंय माझं? खोलीत नायट्रोजन किती सोडायचा ते मी बोटांवर सांगतो. मुलीला म्हटलं होतं, आपण दोघं एकदमच पदवीधर होऊ. ती हसत होती. कुणी केलाय हो हा नियम? डोंगरापलीकडच्यांनीच ना? मला नाव सांगा, मी जाऊन भेटतो.”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. त्याला खरंही वाटलं असतं.

“मी केला,” ती म्हणाली.

“थट्टा करू नका.”

“आधी ‘किंवा तत्सम अनुभव’ असं लिहिलेलं होतं त्यात. ते मी खोडलं. माझ्या हातानं.”

फाउस्तिनो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“का?”

आपलीही नोकरी त्याच पेनानं गेली, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगणं म्हणजे त्याच्याकडूनच दया मागणं होतं. तिनं ते गिळलं.

“ते हसतील म्हणून,” ती म्हणाली. “आपल्याला हसतील, याची मला लाज वाटली.”

त्यानं पत्राची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं.

“मग?” त्यानं विचारलं. “हसले का?”

“नाही.”

“चला, मग झालं की तुमचं काम,” फाउस्तिनो म्हणाला आणि पाळीला उशीर नको म्हणून भराभर निघून गेला.

आतून नव्या सरांनी हाक मारली. वर्ग भरला होता आणि मीटर चालू कसं करायचं ते त्यांना सापडत नव्हतं. मार्सेलिना हात पुसत आत गेली.