तिसऱ्या रांगेतली शुक्री

मयूरी चुरी नगराध्यक्षपदासाठी उभी राहिली तेव्हा डहाणूत कुणालाच नवल वाटलं नाही. दोन वेळा ती नगरसेविका होती. सासरचं नाव मोठं, चिखल्याला चिकूची वाडी, गावात पारनाक्याजवळ घर. शिवाय ती बोलायची छान. समोर माईक आला की तिचा आवाज आपोआप थोडा खाली यायचा आणि लोक कान देऊन ऐकायचे.

या वेळी गावातल्या काही निवृत्त शिक्षकांनी एक नवीन टूम काढली होती. उमेदवारांनी नुसत्या भोंगे लावलेल्या रिक्षा फिरवायच्या नाहीत, एका मंचावर बसून लोकांच्या आणि एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. अशा तीन सभा ठरल्या. उमेदवारही तीनच होते. मयूरी, कापडाचं दुकान असलेले मुकेशभाई आणि निलम धोडी. निलम तलासरीकडच्या एका पाड्यावर वाढलेली, आता डहाणूच्या कोर्टात वकिली करत होती.

पहिली सभा एका शाळेच्या सभागृहात झाली. सूत्रसंचालन त्या शिक्षकांपैकी संदीप सरांकडे होतं. मुकेशभाई पार्किंगवर बोलले, मयूरी पाण्याच्या टाकीवर आणि कचऱ्यावर बोलली. टाळ्याही तिलाच जास्त पडल्या. मग उमेदवारांनी एकमेकांना प्रश्न विचारायची वेळ आली. निलमने माईक जवळ ओढला.

"मयूरीताई, गावात रोज शेकडो मजूर येतात. त्यांच्या सुरक्षेबद्दल तुमच्या जाहीरनाम्यात एक ओळ आहे. म्हणून विचारते. चार वर्षांपूर्वी तुमच्या वाडीत एक बाई विहिरीत पडून गेली. तेव्हा नक्की काय झालं होतं?"

सभागृहात कुजबुज झाली. पण मयूरीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

"ती शुक्री," मयूरी म्हणाली. "पंधरा वर्षं आमच्याकडे होती, घरच्यासारखी. तिच्या घरच्यांना आम्ही वाऱ्यावर सोडलं नाही. पण मेलेल्या माणसाबद्दल बोलायला जड जातं, निलमताई. तिला ताडीचं व्यसन होतं. त्या दिवशीही ती..."

आणि तिला शुक्री दिसली.

तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीवर. गुडघ्यापर्यंत खोचलेलं हिरवट लुगडं, केस कपाळाला चिकटलेले. मान थोडी डावीकडे कललेली. वाडीत काम समजून घेताना ती अशीच मान कलती करून उभी राहायची. चेहऱ्यावर राग नव्हता. पुढचं वाक्य ऐकायला थांबल्यासारखी ती बसली होती.

मयूरीने वाक्य कसंबसं पुरं केलं. "...त्या दिवशीही ती प्यायलेली होती." मग ती पाणी प्यायली. शेवटच्या भाषणात ती काय बोलली हे तिला नंतर आठवलं नाही.

गाडीत बसल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "तिसऱ्या रांगेत कडेला कोण बसलं होतं?"

हितेश गाडी मागे घेत होता. "कुणीच नाही. ती खुर्ची रिकामी होती. लोक भिंतीला टेकून उभे होते, तरी तिथं कुणी बसलं नाही. मलापण गंमत वाटली."

दुसऱ्या दिवशी सभेचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. मयूरीने तो खोलीचं दार लावून पाहिला. खुर्ची खरंच रिकामी होती. मात्र तिच्या उत्तराच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ त्या रांगेत शिरले, खुर्चीपाशी आले, थबकले आणि कुणाची तरी क्षमा मागावी तसा हात करून मागे फिरले. तेवढा तुकडा तिने पुन्हा पुन्हा पाहिला.

खरं काय होतं, ते मयूरीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तो ऑगस्ट होता. वाडीतल्या जुन्या विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळला होता. शुक्रीने मयूरीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर ती ओट्यापर्यंत आली होती. "बाई, काठ पार खचलाय. गडी मिळेपर्यंत बांबू तरी आडवा बांधून द्या." मयूरी तेव्हा कुठल्याशा बैठकीला निघाली होती. "बघते," म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या पाइपात अडकलेला पाला काढायला शुक्री वाकली आणि मातीसकट आत गेली.

पंचनाम्याच्या वेळी हवालदाराने सहज विचारलं होतं, "पीत होती का हो?" ओट्यावर सासरे रामनाथ बसले होते, शेजारी हितेश उभा होता, कंपाउंडबाहेर माणसं जमली होती. मयूरीला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी डोळ्यांनी खुणावलंही नव्हतं. तिच्या तोंडून आपसूक गेलं, "हो. ताडी. सकाळपासूनच." शवविच्छेदनात अंगात तसं काही सापडलं नाही, असं पुढे कागदावर आलं. पण कागद कोण वाचतो? तोंडी गोष्ट तोवर पाड्यापर्यंत पोचली होती. कठडा आठवड्याभरात नवा झाला.

चार वर्षांत मयूरीला त्याची आठवण झाली नव्हती असं नाही. पण ती आठवण एखाद्या जुन्या दुखण्यासारखी होती. हात अमुक एका बाजूला वळवला नाही तर दुखायचं नाही.

दुसरी सभा मच्छीमारांच्या वस्तीतल्या मंडपात झाली, भर दुपारी. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे सुकत घातलेल्या बोंबलांचे बांबू. मयूरीने आधीच रांगांवरून नजर फिरवली. तिसरी रांग भरलेली होती. तिला हायसं वाटलं. मुकेशभाईंचं बोलणं संपलं, तिचं नाव पुकारलं गेलं, ती उठली आणि पाहते तर शुक्री दुसऱ्या रांगेत.

आता ती स्पष्ट दिसत होती. तिच्या लुगड्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या वाळूत एक काळा डाग पसरत चालला होता. शेजारची बाई पाय वर घेऊन बसली होती, आणि आपण पाय का वर घेतले हे तिचं तिलाच कळलेलं दिसत नव्हतं.

मयूरी बंदरातल्या गाळावर बोलायला लागली. चार वाक्यं बोलली असेल, मग तिच्या तोंडात चव आली. शेवाळाची, मातीची. थंड पाण्याचा घोट आल्यासारखी. तिने गिळलं. पुन्हा तोंड भरून आलं. लोक वाट पाहत होते.

"मयूरीबेन, तब्येत बरी नाय का?" मुकेशभाईंनी हळूच विचारलं.

ती खाली बसली. निलम तिच्याकडे रोखून पाहत होती. त्या पाहण्यात जिंकल्याचा भाव नव्हता. तिच्यापुढच्या वहीचं पान ओलं झालं होतं आणि ती ते बोटाने चाचपत होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मयूरी हितेशला म्हणाली, "मी तलासरीला जाऊन येते. शुक्रीच्या घरी."

"आत्ता? मतदान नऊ दिवसांवर आलंय. निलमची माणसं फोटो काढतील."

"काढू देत."

"काय सांगणार आहेस तिथं?"

मयूरी एकटीच गाडी घेऊन निघाली.

पाडा हायवेपासून आत होता, शेवटचा कच्चा रस्ता पायी चालावा लागला. भात कापून झालं होतं, खळ्यांवर भारे रचलेले होते. शुक्रीचा नवरा चैत्या कुडाच्या भिंतीला टेकून सुतळी वळत होता. मुलगी जिवली आतून पाणी घेऊन आली. तिने वलसाडच्या एका कारखान्याचा निळा टी-शर्ट घातला होता. वीस वर्षांची असेल. बसायला गोणपाट टाकलं, पण ती स्वतः उभी राहिली.

"बाई, तुमी इकडं?" चैत्या म्हणाला. "मताचं असेल तर आमचं मत तिकडं नाय."

"मताचं नाही." मयूरीला वाटलं होतं की वाटेत शब्द जुळतील. ते जुळले नव्हते. "चैत्या, शुक्री ताडी प्यायलेली नव्हती. मी खोटं बोलले. काठ खचल्याचं तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी बांबूसुद्धा बांधला नाही."

चैत्याचे हात थांबले.

"ती घेत नव्हती," तो म्हणाला. "लग्नात पण तोंडाला लावली नाय. मना ठाऊक होतं. पण लोक बोलले, बाईंनी सांगितलं. मी मनात बोललो, बाई कशाला खोटं बोलतील? मंग मना वाटलं, तिकडं वाडीवर घेत असेल, मना चोरून. चार वर्षं मी तिला शिव्या घातल्या, बाई. मेलेल्या बायकोला. गेलेल्याच्या दिवसाच्या जेवणाला तिचं नाव घेऊन घास काढतात ना, तो पण मी काढला नाय."

मयूरीने हात जोडले. त्याने तिकडे पाहिलं नाही. तो उठला आणि घरामागे निघून गेला.

जिवली तशीच उभी होती. तिने विचारलं, "मग आत्ता का आलात?"

मयूरीने तिला सगळं सांगितलं. तिसरी रांग, दुसरी रांग, तोंडात आलेलं पाणी. मुलगी हसेल किंवा हाकलून देईल असं तिला वाटलं. जिवलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडं ती एकदाही आली नाय," ती म्हणाली. "बाप रोज दार उघडं ठेवून झोपायचा. शिव्या द्यायचा, पण दार उघडं ठेवायचा." मग म्हणाली, "तुम्ही इथं सांगून काय होणार? जिथं खोटं सांगितलं तिथं सांगा. माईकवर सांगितलंत ना? माईकवरच सांगा."

तिसरी सभा पुन्हा शाळेच्या सभागृहात होती. गावातलं केबल चॅनेल ती थेट दाखवणार होतं. मयूरीने हितेशला आधी काही सांगितलं नाही. ती मंचावर चढली. आज शुक्री पहिल्या रांगेत असणार, अगदी हाताच्या अंतरावर, अशी तिने मनाची तयारी केली होती. तिने पाहिलं. पहिल्या रांगेत हितेश होता, शिक्षक मंडळी होती. दुसरीत, तिसरीत, भिंतीला टेकलेल्या गर्दीत, कुठेच शुक्री नव्हती. तिला त्यामुळे धीर यायला हवा होता. उलट ती अधिकच घाबरली. आता मागे फिरायचं तर तिला अडवणारं कुणी नव्हतं.

संदीप सरांनी तिला सुरुवात करायला सांगितली.

"माझ्या तीन मिनिटांत मी जाहीरनाम्यावर बोलणार नाही," मयूरी म्हणाली. तिचा आवाज आज खाली आला नाही, उंच आणि कापरा निघाला. "पहिल्या सभेत निलमताईंनी मला शुक्रीबद्दल विचारलं होतं. मी जे सांगितलं ते खोटं होतं. शुक्री ताडी प्यायलेली नव्हती. ती कधीच पीत नव्हती. आमच्या विहिरीचा काठ खचला होता, तिने मला दोनदा सांगितलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही. ती गेल्यावर मी पोलिसांना खोटं सांगितलं. घरातल्या कुणी मला सांगायला लावलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची आणि मुलीची मी अपराधी आहे. एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलंही नाही. हितेश उठून बाहेर गेला. संदीप सर आपल्या हातातले कागद उगाच सारखे करत होते. मग निलमची पाळी आली. ती माईकपाशी गेली आणि म्हणाली, "माझी तीन मिनिटं मला नकोत." आणि जागेवर येऊन बसली.

पुढचं व्हायचं तेच झालं. पक्षाचे कार्यकर्ते मयूरीचे फोन घेईनासे झाले. प्रचाराची रिक्षा दारात उभी राहिली ती उभीच. रामनाथ सुनेशी बोलायचे थांबले. हितेश तिच्याशी बोलत राहिला, पण पाहुण्याशी बोलावं तसं. मतमोजणीत ती तिसरी आली. निलम थोडक्यात जिंकली आणि मुकेशभाईंनी तिला सगळ्यांदेखत पेढा भरवला.

निकालानंतर मयूरी पोलीस ठाण्यात गेली आणि तिने नव्याने जबाब लिहून दिला. जिवलीने कारखान्यात सुट्टी टाकली होती. ती बाकावर शेजारी बसून राहिली. सही झाल्यावर दोघी बाहेर आल्या, सागरनाक्याकडे चालत गेल्या. तलासरीच्या बसला वेळ होता.

"बापाने काल घास काढला," जिवली म्हणाली. "पानावर ठेवून बाहेर नेला. कावळा लगेच आला."

मयूरी चालता चालता थांबली.

"मला तुम्हाला एक विचारायचं होतं." जिवली समोर समुद्राकडे बघत होती. "आमच्याकडं तिचा फोटो नाय. आधार कार्डावर एक आहे, त्यात ती कुणाच्याच ओळखीची वाटत नाय. मला तिचा चेहरा आता नीट आठवत नाय. तुम्ही तिला परवा परवा पाहिलंत."

"हो."

"कशी दिसत होती?"

मयूरीने सांगायला सुरुवात केली. केस कसे होते, मान कशी होती, हनुवटीवरचं गोंदण, डाव्या भुवईतली तुटक रेघ. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की जिवंत असताना पंधरा वर्षांत तिने शुक्रीकडे एवढं कधी पाहिलंच नव्हतं. जे काही ती सांगत होती ते सगळं त्या दोन सभांमधलं होतं.

बस आली. जिवलीने दांड्याला हात घातला आणि मागे वळून विचारलं, "आणि माझ्याबद्दल काही बोलली?"

"ती काहीच बोलली नाही गं," मयूरी म्हणाली. "ती फक्त ऐकत होती."

जिवलीने मान हलवली आणि ती आत जाऊन खिडकीशी बसली.